छपरावरची होडी व मागून येणारा मनुष्य

उत्तर अमेरिकेंत उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे हमरस्त्यांवर एक दृश्य हटकून दिसतें. पुढें एक दणकट मोटार, तिच्या मागें आंकड्यानें जोडलेलें चाकांवरचें लहानसें घर, आणि कधींकधीं त्या घराच्या छपरावर पालथी घालून बांधलेली एक लांबट होडी. त्या घराला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात व होडीला कनू. आपल्याकडील अनेक कुटुंबें आतां त्या देशांत कायमचीं राहूं लागलीं आहेत. त्यांच्या छायाचित्रांतून हें दृश्य येथील वाचकांसही अपरिचित राहिलेलें नाहीं. निजावयास घर आणि विहारास होडी, दोन्ही बरोबर घेऊन निघावें ही कल्पना मोठी रम्य आहे यांत संशय नाहीं. परंतु ती होडी छपरावर बांधणारा गृहस्थ त्या वेळीं नेमकें काय करीत असतो, असें जर कोणी विचारलें, तर त्याचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. आमच्या मतें तो नीतीचा प्रश्न आहे, आणि चांगलाच अवघड आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. अशी होडी साधारणतः १६-१७ फूट लांब व बहुधा ३० ते ३५ किलो वजनाची असते. ती मोटारीच्या टपावर ठेवावी हें उघडच सुचतें. पण कधीं मोटारीला टपावर दांडे नसतात, कधीं होडीचें मागें आलेलें टोंक वळणावर ट्रेलरच्या कोपऱ्यास घासतें. मग गृहस्थाची दृष्टि सहजच ट्रेलरच्या विस्तीर्ण छपराकडे वळते. तें विस्तीर्ण आहे खरें. पण भार वाहण्याकरितांच तें केलेलें असतें असें नाहीं. पुष्कळ ट्रेलरांचें छप्पर म्हणजे वर रबरासारख्या पदार्थाचें पातळ आवरण, त्याखालीं पातळ प्लायवूड व त्याखालीं लांकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या हलक्या कड्या. कांहीं छपरांवर मनुष्य चालूं शकतो. कांहींवर चालूं नये असें कारखानदार स्वतःच लिहून देतो. वरून दिसावयास दोन्ही सारखींच! शिवाय तें छप्पर जमिनीपासून दहा-अकरा फूट उंच. होडी चढविल्यावर एकंदर उंची बारा फुटांवर किंवा त्याहूनही वर जाते. नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील डरहॅम शहरीं आगगाडीचा एक पूल रस्त्यापासून ११ फूट ८ इंच उंचीवर होता. पाट्या होत्या, इशाऱ्याचे दिवे होते, आणि तरीही वर्षानुवर्षें त्या पुलानें उंच गाड्यांचीं छपरें सोलून काढलीं. २०१९ सालीं तो आठ इंच वर उचलण्यांत आला, त्यानंतरही गाड्या त्याखालीं अडकल्याच. त्या गाड्यांचे चालक निरक्षर नव्हते. आपल्या गाडीची उंची आपणांस ठाऊक आहे, अशा समजुतींत ते होते इतकेंच.

परंतु पुलापेक्षां वाऱ्याचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ३० मैल वेगानें जातांना होडीवर जेवढा दाब येतो त्याच्या चौपट दाब ताशीं ६० मैलांवर येतो. पालथी होडी वारा नुसता सोसत नाहीं. टोंकाखालून शिरलेला वारा तिला वर उचलूं पाहतो, आणि शेजारून एखादा मोठा मालट्रक गेला कीं तिला बाजूनें धक्का बसतो. तिला धरून ठेवणारे पट्टे वाऱ्यांत थरथरतात. म्हणून जाणते लोक पट्ट्याला एक पीळ देतात, कीं त्याची थरथर व गुणगुण थांबावी. नायलॉनची दोरी पावसांत भिजली कीं ताणली जाते. दांतेरी चाकाच्या यंत्रानें पट्टा फारच आवळला तर होडीचें अंग चेपतें; होडीखालीं मऊ गादी घातली असेल तर ती हळूहळू दबते, आणि सकाळीं तारेसारखा ताठ असलेला पट्टा दुपारीं सैल झालेला असतो. सारांश, 'घट्ट बांधली आहे' हें विधान ज्या क्षणीं केलें त्या क्षणापुरतेंच खरें असतें. त्यांत आणखी भर अशी कीं, होडी चालविणाऱ्याच्या मागें व डोक्याच्या बऱ्याच वर असल्यामुळें त्याला ती दिसत नाहीं. आरशांत दिसतात त्या ट्रेलरच्या दोन भिंती. होडी आहे कीं गेली, हें त्याला गाडी थांबवून खालीं उतरल्याशिवाय कळावयाचें नाहीं.

येथें थोडें विषयांतर करावेंसें वाटतें. कनू ही मूळचीच खांद्यावरून वाहून नेण्याजोगी होडी आहे. सुपीरियर सरोवराच्या आसपासच्या ओजिब्वे लोकांनीं बर्चच्या सालीची होडी केली तीच मुळीं अशी हलकी, कीं पाणी संपलें म्हणजे ती उचलावी व पुढच्या पाण्यापर्यंत चालत जावें. अठराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्थ वेस्ट कंपनीचे केसाळ कातड्यांचे व्यापारी याच होड्यांतून माल नेत. सुपीरियर सरोवरापासून पिजन नदीपर्यंतची ग्रँड पोर्टेज नांवाची वाट साडेआठ मैलांची; त्या वाटेवर एकेक वाहक नव्वद पौंडांचीं दोन गांठोडीं पाठीवर घेऊन चाले, असें त्या काळच्या वर्णनांवरून दिसतें. मिनेसोटांतील सरोवरांच्या प्रदेशांत अशा वाटा आजही वापरांत आहेत, आणि नकाशावर त्यांची लांबी 'रॉड' या जुन्या मापांत लिहितात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका होडीइतका. होडीच्या मध्यावर जी आडवी पट्टी खांद्यावर टेकते तिला इंग्रजींत नांवही बैलाच्या जोखडाचेंच आहे.

या जुन्या वाहकाचा पाय घसरला तर काय होई? होडी त्याच्याच मानेवर येई. गुडघा फुटला तर त्याचा, होडी फाटली तर रात्रभर जागून डिंक लावून ती सांधावयाची तीही त्यानेंच. हयगयीचें फळ हयगय करणाऱ्याच्याच पदरांत पडे. त्यामुळें त्याला सावधगिरी शिकविण्यास कोणा नीतिशास्त्र्याची जरूर पडली नाहीं. तीच होडी खांद्यावरून यंत्राच्या छपरावर गेली आणि हिशेब बदलला. आतां गांठ सुटली तर बांधणाऱ्याला त्या क्षणीं कांहींच होत नाहीं. त्याचा भार उलट हलका होतो! होडी जाते ती मागून येणाऱ्यावर. ज्याचें नांव, गांव, तोंड यांपैकीं कांहींच त्याला ठाऊक नाहीं अशा मनुष्यावर. यंत्रयुगानें आपल्या सुखसोयी वाढविल्या हें सर्वच सांगतात. आपल्या चुकांचा भोक्ता मात्र त्यानें बदलून टाकला, इकडे तितकेंसें लक्ष गेलेलें नाहीं.

मागून येणाऱ्याचें संकट काल्पनिक आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतील मोटारवाल्यांच्या संघाच्या सुरक्षा-प्रतिष्ठानानें २०१६ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत २०११ ते २०१४ या चार वर्षांत रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळें दोन लाखांवर अपघात झाले व त्यांत पांचशेंहून अधिक माणसें मेलीं, असा अंदाज दिला आहे. यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश अपघातांस गाडीवरून निसटलेला माल किंवा गाडीचाच सुटलेला भाग कारण होता. त्या पाहणींतील एक गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. मृतांपैकीं शेंकडा सदतीस पडलेली वस्तु चुकविण्यासाठीं गाडी एकदम वळवितांना झालेल्या अपघातांतले होते. म्हणजे सुटलेल्या वस्तूचा त्यांना स्पर्शही झालेला नसेल. आणि ज्याच्या गाडीवरून ती वस्तु पडली तो? तो बहुधा तसाच पुढें निघून गेला. मुक्कामीं पोंचल्यावर होडी नाहीं हें पाहून त्याला हळहळ वाटली असेल, ती होडीच्या किंमतीबद्दल. मागें काय घडलें याची वार्ताही त्याच्या कानांवर न येणें अगदीं शक्य आहे. असा मनुष्य उरलेलें आयुष्य निर्मळ मनानें घालवितो. हें निर्मळ मन खरें मानावयाचें कीं खोटें?

नीतिशास्त्रांतील जुना वाद येथें उभा राहतो. दोन शेजारी आहेत अशी कल्पना करा. दोघांनीं एकाच दिवशीं, सारख्याच जुन्या दोऱ्यांनीं, सारख्याच घाईनें आपापली होडी बांधली. दोघांच्याही गांठी साठ मैलांवर सुटल्या. एकाची होडी रिकाम्या रस्त्यावर पडून खड्ड्यांत गेली. दुसऱ्याच्या मागें एक कुटुंब येत होतें. दोघांच्या वर्तनांत केंसाइतकाही फरक नाहीं, मग दोघांच्या दोषांत फरक कां असावा? पण आपण फरक करतोंच. पहिल्याला आपण हंसतों, दुसऱ्याचें तोंड पाहवत नाहीं. ॲडम स्मिथनें १७५९ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत हाच प्रश्न भिंतीवरून रस्त्यावर धोंडा फेंकणाऱ्या मनुष्याच्या उदाहरणानें मांडला आहे. धोंडा कोणास न लागला तरी फेंकणाऱ्यानें लोकांविषयीं बेपर्वाई दाखविलीच. पण लागला, तर आपला संताप कितीतरी पटींनीं भडकतो. स्मिथ याला मानवी भावनांतील एक विषमता म्हणतो, आणि समाजधारणेस तिचा उपयोगही होतो असें सुचवितो. १९७६ सालीं बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनीं याच प्रश्नास 'नैतिक दैव' अशा अर्थाचें नांव देऊन तो पुन्हां ऐरणीवर आणला.

कायदाही दैवाच्याच बाजूनें झुकलेला दिसतो. २००४ सालीं अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत एका ट्रेलरमधून सामानाची एक फळी उडाली व मागून येणाऱ्या तरुणीच्या गाडीची कांच फोडून आंत शिरली. ती बाई वांचली, पण दृष्टि कायमची गेली. सामान नीट न बांधल्याबद्दल फौजदारी शिक्षा व्हावी असें कलमच तेव्हां त्या राज्यांत नव्हतें. २००५ सालीं तें करण्यांत आलें. परंतु त्या कायद्यांतही शरीरास गंभीर इजा झाली तर गुन्हा मोठा, केवळ मालमत्तेचें नुकसान झालें तर लहान, अशी पायरी ठेवलेली आहे. कायद्याला याचा दोष देतां येणार नाहीं. प्रत्येक अंगणांत जाऊन प्रत्येक गांठ ओढून पाहणें सरकारला शक्य नाहीं, त्याला दिसणाऱ्या परिणामांवरूनच चालावें लागतें. पण जो स्वतः अंगणांत उभा राहून गांठ मारीत आहे त्याला कायद्याचें हें माप कांहीं कामाचें नाहीं. परिणाम अद्याप भविष्यांत आहे. त्याच्या हातांत या क्षणीं आहे ती फक्त दोरी.

मग परिणाम सोडून हेतूकडे पाहावें काय? लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त पाश्चात्य सुखवाद्यांचें खंडन करतांना बाह्य परिणामांपेक्षां कर्त्याच्या बुद्धीला श्रेष्ठ ठरविलें, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. हा सिद्धांत आमच्या होडीवाल्यास लावून पाहिला तर प्रथमदर्शनीं तो सुटतोच. त्याच्या मनांत कोणाचेंही वाईट नाहीं. मुलांनीं सरोवर पाहावें, पत्नीस चार दिवस विश्रांति मिळावी, याहून दुष्ट विचार त्या बिचाऱ्याला शिवलेला नाहीं. हयगय हा दोषच मोठा चमत्कारिक आहे. खुनाला हेतु असतो, चोरीला असतो. हयगयीला हेतु नसतो म्हणूनच तिला हयगय म्हणतात. केवळ 'माझ्या मनांत तसें नव्हतें' एवढ्यावर सुटका होत असेल तर जगांतील निम्मे अपराध निकालांत निघतील, आणि फलाशेचा त्याग म्हणजे फलाविषयीं बेफिकिरी, असा अनर्थ करून घेणारे आपल्याकडे कमी नाहींत.

पण टिळकांची बुद्धि म्हणजे नुसता द्वेषाचा अभाव नव्हे. ती साम्यबुद्धि आहे, आपण आणि दुसरा यांस एका मापानें मोजणारी. या मापानें पाहिलें कीं गृहस्थाची बाजू तितकीशी भक्कम राहत नाहीं. निघण्यापूर्वीं मोटारींत बसलेल्या आपल्या मुलांचे पट्टे त्यानें दोनदां ओढून पाहिले. छपरावर मात्र चढला एकदांच, तोही अंधार पडतां पडतां. मागच्या गाडींत त्याचाच मुलगा येणार आहे असें कोणी त्याला सांगितलें असतें तर तो शिडीवर पुन्हां चढला नसता काय? चढला असता. त्याचें न चढणें हें मागचीं मुलें परक्याचीं आहेत या एकाच गोष्टीवर उभें होतें, आणि हा विचार त्याच्या मनांत शब्दरूपानें कधींच आला नव्हता.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाची येथें आठवण होते. हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत प्राध्यापक होता व अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं, १८७९ सालीं, वारला. १८७० सालीं सूर्यग्रहण पाहण्यास निघालेल्या मंडळींबरोबर जातांना सिसिलीच्या किनाऱ्याशीं त्याचें जहाज फुटलें होतें; फुटलेलें जहाज म्हणजे काय हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. १८७७ सालीं त्यानें श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला, त्यांत एक जहाजमालक येतो. जहाज जुनें आहे, पुष्कळदां दुरुस्त केलेलें आहे, तें मुळांत नीट बांधलेलें नव्हतें अशी कुणकुण मालकाला आहे. परदेशीं वस्तीस निघालेल्या गरीब कुटुंबांनीं तें भरलें आहे. मालक अस्वस्थ होतो. पण हें जहाज आजवर इतक्या सफरींतून सुखरूप आलें, परमेश्वर या कुटुंबांचा वाली आहे, कारागिरांविषयीं उगीच शंका घेऊं नये, अशी स्वतःची समजूत घालून तो शंका दडपतो, आणि अगदीं मनःपूर्वक जहाज सुरक्षित मानूं लागतो. जहाज बुडतें व तो विम्याचे पैसे घेतो. येथपर्यंत आपण सर्व क्लिफर्डशीं सहमत असतों. परंतु तो पुढें म्हणतो, समजा तें बुडालें नाहीं, समजा तें पुढेंही कैक सफरी सुखरूप करून आलें. तरी मालकाचा दोष तिळमात्र कमी होत नाहीं. त्याच्या समजुतीचें खरें ठरणें वा खोटें ठरणें हा प्रश्न नाहीं. ती समजूत त्यानें कोठून आणली, तिच्यावर त्याचा हक्क होता काय, हा प्रश्न आहे.

'कांहीं होत नाहीं, गेल्या वर्षीं तशीच नेली होती,' हें वाक्य ज्यानें ऐकलें नाहीं असा मनुष्य विरळा. गेल्या वर्षीं होडी पडली नाहीं हा गांठीचा पुरावा खरा कीं वाऱ्याच्या कृपेचा? त्या एका सफरीनें तर दोरी आणखी एका उन्हाळ्यानें जुनी झाली. आणि क्लिफर्डच्या मालकापाशीं निदान शंका तरी होती. ती दडपावयास त्याला श्रम पडले. आमच्या गृहस्थाला बहुधा शंका येतच नाहीं. यांत त्याचा दोष कमी होतो असें पुष्कळांचें मत पडेल. आम्हांस तें पटत नाहीं. जेथें शंका यावयास हवी होती तेथें ती न येणें, हें मागून येणाऱ्याविषयीं आपलें मन किती बधिर आहे याचेंच चिन्ह आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाहीं. असा विचार करूं लागलें तर मनुष्यानें घराबाहेर पडूं नये! प्रत्येक खिळा, प्रत्येक कडी, प्रत्येक दोरीचा तंतु तपासावयाचा तर सुट्टी अंगणांतच संपेल. क्लिफर्डवर हा आक्षेप त्याच्या काळापासून होत आला आहे, आणि त्याच्या भूमिकेंत कांहीं अतिरेक आहे हें आम्हीही मान्य करतों. आयुष्य विश्वासावर चालतें. पूल बांधणाऱ्यावर, चाकें करणाऱ्यावर, समोरून येणाऱ्यावर आपण क्षणोक्षणीं विसंबतों. पण हा आक्षेप होडीच्या बाबतींत किती लागू पडतो तें पाहावें. जें कळूं शकत नाहीं तें कळून घे असें येथें कोणीच म्हणत नाहीं. छप्पर किती भार सोसतें हें कारखानदाराला विचारतां येतें. बांधलेल्या होडीची उंची टेपानें मोजतां येते व ती चिठ्ठीवर लिहून चालविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चिकटवितां येते. होडी मधल्या पट्ट्यांनींच बांधून न थांबतां तिचें नाक व शेंपूट वेगळ्या दोऱ्यांनीं खालीं मजबूत जागीं ओढून घेतां येतें. या सर्वांस लागतो अर्धा तास. धंदेवाईक मालवाहू गाड्यांसाठीं अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियमच आहे, कीं निघाल्यापासून पहिल्या ५० मैलांच्या आंत चालकानें उतरून माल तपासावा व पुढें दर तीन तासांनीं, दर १५० मैलांनीं किंवा काम पालटतांना, यांपैकीं जें आधीं येईल तेव्हां, पुन्हां पाहावा. ज्याचा हा रोजचा व्यवसाय आहे, ज्याचा हात गांठीवर बसलेला आहे, त्याच्यावरही नियमकर्त्यांनीं भरंवसा ठेवला नाहीं. वर्षांतून एकदां होडी बांधणाऱ्या हौशी गृहस्थाला हा नियम लागू नाहीं. त्याला ५० मैलांवर थांबवितो तो त्याचाच विचार, आणि गाडी तर मजेंत चाललेली असते, मुलें गात असतात.

अनुभवी लोकांचा याबाबतचा सल्ला एका दृष्टीनें मोठा मार्मिक आहे. त्यांतील पुष्कळजण म्हणतात, शक्य तोंवर ट्रेलरचें छप्पर सोडाच. मोटारीला दांडे बसवून घ्या, उघड्या हौद्याची मोटार असेल तर हौद्यापासून टपावर जाणारा सांगाडा करा, वळणावर कोपरा लागणार नाहीं इतकी होडी पुढें सरकवा, आणि ती स्वतःच्या डोक्यावरच बांधा. कारणें ते व्यवहाराचीं देतात: चढवावयास उंची कमी, छपराला भोंकें पाडावीं लागत नाहींत, ट्रेलरच्या माथ्यावर वारा धरणारी वस्तु राहत नाहीं. आम्हांस त्यांपैकीं एक कारण विशेष वाटतें. मोटारीच्या टपावर होडी असली म्हणजे तिचें नाक पुढच्या कांचेच्या वरच्या कडेशीं दिसत राहतें, आणि नाकापासून मोटारीच्या पुढच्या आंकड्यापर्यंत गेलेली दोरी चालविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. दोरी सैल पडली तर ती वाऱ्यानें फडफडूं लागते, नाक डोलूं लागतें, आणि मग पुढच्या गांवाची वाट न पाहतां त्याला गाडी रस्त्याच्या कडेस घ्यावी लागते.